मुडदूस, माजघर आणि ऊन : अंगावर पिणाऱ्या बाळाला ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब का?

१/
प्रसूतीनंतर रुग्णालयातून घरी निघालेल्या आईच्या चिठ्ठीत आज हमखास एक ओळ असते : बाळाला ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब, रोज. घरात पाऊल ठेवताच आजीचा प्रश्नही ठरलेला असतो : बाळ अंगावर पिते आहे, दूध पुरते आहे, मग हे थेंब कशाला? आमच्या वेळी कुठे होते? रत्नागिरीसारख्या गावी हा प्रश्न अधिकच रास्त वाटतो. सतरा अंश उत्तर अक्षांश, डोळे दिपवणारे ऊन, आणि तरीही उन्हाचे जीवनसत्त्व बाटलीतून?

२/
हा प्रश्न इतिहासाला विचारण्यासारखा आहे. त्याच्या उत्तरात इंग्लंडचा धूर आहे, नाशिकच्या वाड्यांतील अंधार आहे, कोकणकिनाऱ्यावरील मुशीचे यकृत आहे आणि दिल्लीच्या एका चौकातील धुरकट हवाही आहे. आईचे दूध अपुरे आहे काय, हा त्यातला खरा वाद नव्हेच. खरा वाद आहे तो ऊन आणि बाळ यांच्या मध्ये कोण उभे राहिले, याचा.

३/
आरंभ रोगापासून करू. मराठीत त्याला मुडदूस म्हणतात. लोकव्यवहारात हा शब्द पुष्कळदा कोणत्याही खंगत जाणाऱ्या मुलासाठी सैलपणे वापरला जाई. वैद्यकातील मुडदूस मात्र नेमका आहे : वाढत्या हाडात चुना नीट बसत नाही, हाड मऊ राहते, मनगटे रुंदावतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात आणि मूल उभे राहू लागले की पाय धनुष्यासारखे वाकतात.

४/
या रोगाचे पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन सतराव्या शतकातील इंग्रज वैद्यांनी केले. डॅनिएल व्हिसलर याने १६४५ साली लायडन येथे त्यावर प्रबंध लिहिला. १६५० साली फ्रान्सिस ग्लिसन याचा मोठा ग्रंथ आला. युरोपात या रोगाला ‘इंग्रजी रोग’ असेच नाव पडले. पुढे कोळशावर चालणारी शहरे वाढली, आकाश काजळले आणि ग्लासगो, लंडन, लीड्स येथील गल्ल्यांत वाकड्या पायांची मुले हे नित्याचे दृश्य झाले.

५/
उन्हाशी संबंध प्रथम कोणी जोडला? पोलंडचा वैद्य येन्जेय स्न्यादेत्स्की याने १८२२ सालीच शहरी मुलांना उन्हात नेण्याचा सल्ला दिला होता. पुढे थिओबाल्ड पाम हा मिशनरी डॉक्टर जपानमध्ये राहिला. तेथे मुडदूस जवळजवळ दिसत नाही, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने चीन, भारत, श्रीलंका आदी देशांतील डॉक्टरांकडून पत्रे मागवली आणि १८९० साली निष्कर्ष मांडला : ऊन जेथे भरपूर, तेथे मुडदूस नाही. त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

६/
पामच्या नकाशात भारत हा सुरक्षित देश होता. हा समज पक्का होऊ लागला असतानाच त्याला तडा देणारी निरीक्षणे आली, ती महाराष्ट्रातून. मुंबई इलाख्यातील नाशिक शहरात डॉ. एच. एस. हचिसन यांनी भारतीय सहकाऱ्यांसह दोन अभ्यास केले. पहिला पटेल यांच्याबरोबर, प्रौढ स्त्रियांमधील अस्थिमार्दवावर, १९२१ साली ग्लासगोच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. दुसरा शहा यांच्याबरोबर, मुडदुसाच्या कारणांवर, १९२२ साली प्रसिद्ध झाला.

७/
या अभ्यासांत जे दिसले, ते त्या काळच्या समजुतीच्या नेमके उलट होते. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरीब हिंदू कुटुंबांत मुडदूस आढळेना. तो आढळला सधन घरांत. जेथे दूधदुभते होते, अन्नाला तोटा नव्हता, पण स्त्रिया पडद्यात राहत, अशा मुस्लिम आणि उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत. बाळेही आईबरोबर त्याच अंधाऱ्या खोल्यांत. रोगाची सुरुवात पुष्कळदा सहा महिन्यांच्या आत, म्हणजे बाळ अंगावर पीत असतानाच होई.

८/
येथे थोडे थांबले पाहिजे. खाऊनपिऊन सुखी असलेली आई, भरपूर दूध, आणि तरी बाळाची हाडे मऊ. उलट मजुरी करणाऱ्या, अर्धपोटी आईचे बाळ ताठ पायांवर उभे. फरक दुधात असता, तर निकाल उलटा लागायला हवा होता. फरक होता तो भिंतीच्या आतबाहेरचा.

९/
या निरीक्षणाचा दुरुपयोगही सोपा होता. त्याच दशकात भारतीय समाजाला पडद्याच्या नावाने झोडपणारी पुस्तके पाश्चात्त्य बाजारात गाजत होती. पण नाशिकचे निष्कर्ष एखाद्या धर्माविरुद्ध नव्हते. ग्लासगोत पडदा नव्हता, तरी तेथील कामगारवस्तीत मुडदुसाने थैमान घातले होते. तेथे उन्हाला अडवणारा पडदा धुराचा आणि कोंदट घरांचा होता. कारण एकच : त्वचेपर्यंत किरणे न पोहोचणे.

१०/
त्या वेळी वैद्यकात दोन तट होते. लंडनचे एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ साली कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले की मुडदूस अन्नातील उणिवेने होतो आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल तो रोखते. ग्लासगोच्या तटाचे म्हणणे होते की दोष कोंदट राहणीचा आहे. त्याच १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी कृत्रिम अतिनील किरणांचा दिवा लावून मुडदुसाची मुले बरी केली. तेल खरे की प्रकाश खरा?

११/
दोन्ही खरे निघाले. युद्धोत्तर व्हिएन्नात हॅरिएट चिक यांच्या पथकाने १९१९ ते १९२२ या काळात मुलांवर दाखवून दिले की तेलही चालते आणि ऊनही. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेलातील हा घटक ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे सिद्ध केले. अ, ब, क नंतरचा म्हणून तो ‘ड’. १९२४ साली स्टीनबॉक आणि हेस यांनी स्वतंत्रपणे दाखवले की प्रकाशाच्या संस्काराने अन्नातही हा गुण उतरतो. कोडे सुटले : ऊन त्वचेत हाच घटक तयार करते.

१२/
याच आल्फ्रेड हेस यांनी १९१७ साली न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत केलेले काम आपल्या प्रश्नाला थेट भिडते. तेथे अंगावर पिणाऱ्या बाळांतही मुडदूस सर्रास आढळत होता. दाट रंगाची त्वचा, उत्तरेकडचा हिवाळा, बंद खोल्या. त्वचेतील रंगद्रव्य किरणे शोषते. म्हणून तेवढेच जीवनसत्त्व तयार व्हायला सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ ऊन लागते. भारतीय वाचकाने हे सूत्र लक्षात ठेवावे.

१३/
आता दुधाकडे वळू. एक लिटर मातेच्या दुधात साधारण २५ ते ७५ आययू ‘ड’ जीवनसत्त्व असते. तान्ह्या बाळाची रोजची गरज ४०० आययू, म्हणजे १० मायक्रोग्रॅम मानली जाते. बाळ दिवसाला पाऊण लिटर प्यायले, तरी गरजेचा दहावा हिस्सा भरेल न भरेल. बाकी सर्व बाबतींत दुधाला तोड नाही. हा एकच हिशेब त्यात बसत नाही.

१४/
हा दोष म्हणावा काय? मनुष्यजातीच्या इतिहासाचा बहुतांश काळ आई आणि बाळ दोघेही उघड्यावर वावरत होते. बाळ पोटात असताना आईच्या साठ्यातून वाटा घेई. जन्मल्यावर स्वतःच्या त्वचेतून मिळवी. दुधाने तो भार उचलण्याची गरज नव्हती. म्हणून आई ज्या दिवशी घरात कोंडली गेली, त्या दिवशी बाळाचे दोन्ही झरे एकदम आटले. नाशिकच्या वाड्यांत हेच घडत होते.

१५/
नाशिकच्या पहिल्या अभ्यासाचे महत्त्व येथे कळते. अस्थिमार्दव म्हणजे प्रौढ वयातील मुडदूस. त्यात स्त्रीचे कटीर आतल्या बाजूस दबते, बाळाची वाट अरुंद होते आणि प्रसूती जिवावर बेतते. ती वाचली, तर बाळ रिकाम्या साठ्यासह जन्मते. आईचे हाड आणि बाळाचे हाड हा एकच सलग आजार आहे. म्हणून केवळ बाळाच्या थेंबांची चर्चा करणे आणि आईला विसरणे, हे अर्धे उत्तर होय.

१६/
कोकणात काय स्थिती असावी? रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणारी खारवी किंवा दालदी स्त्री, भातलावणीला उतरलेली कुणबी स्त्री, ही दिवसभर उन्हातच. पण जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. जुन्या घराचे माजघर अंधारे, बाळंतिणीची खोली त्याहून अंधारी. तेथे शेगडी, धुरी, बंद दार. सव्वा महिना ती आणि बाळ बाहेर पडत नसत. पावसाळ्याच्या तोंडाशी जन्मलेल्या बाळाने खळ्यातले लख्ख ऊन पाहण्यास दिवाळी उजाडे.

१७/
याच जिल्ह्यातून माणसे मुंबईला गेली. गिरणगावाच्या मनुष्यबळात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. गावचे खळे सुटले आणि चाळीतील एक खोली आली. १९२०च्या दशकातील पाहण्यांनुसार गिरणीत जाणाऱ्या मातांच्या जवळजवळ सर्व बाळांना अफू दिली जात असे, जेणेकरून आई पाळीवर असताना ती निजून राहावीत. दिवसा निजलेले बाळ, काळोखी खोली. पडदा नसलेल्या घरातही पडदा कसा तयार होतो, याचे हे उदाहरण.

१८/
परंपरेत ऊन नव्हतेच असे नाही. तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. रीत प्रेमाची आहे, पण भौतिकशास्त्र थोडे आडवे येते. ‘ड’ घडवणारे अतिनील-ब किरण सूर्य तिरपा असताना वातावरणातच बहुतांश शोषले जातात. सकाळी सातचे ऊन ऊब देते. जीवनसत्त्व फार थोडे देते. आपली सावली उंचीपेक्षा लहान पडते, तेव्हाचे ऊन कामाचे. खिडकीच्या काचेतून तर हे किरण येतच नाहीत. आणि त्या प्रखर उन्हात तान्ह्या बाळाला ठेवणे धोक्याचे, कारण त्याची त्वचा नाजूक असते.

१९/
मग तेल? १९४० साली नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेला आणि कॉड माशाच्या तेलाचा पुरवठा तुटला. पर्याय म्हणून मुंबई, मद्रास आणि त्रावणकोर या भागांत शार्क, म्हणजे आपली मुशी, हिच्या यकृतापासून तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. कोकणकिनाऱ्यावर मुशी नवी नव्हती. तिच्या यकृताला औषधाची किंमत आली, ती नवी. त्या तेलाने रातांधळेपणावर मोठे काम केले, कारण त्यात ‘अ’ जीवनसत्त्व विपुल होते.

२०/
पण येथे एक बारकावा हरवतो. मुशीच्या तेलात ‘अ’ जितके भरपूर, तितके ‘ड’ नव्हे. कॉडच्या तेलाच्या जागी ते आले, तरी हाडांच्या बाबतीत ते त्याची बरोबरी करणारे नव्हते. एका औषधाची जागा दुसऱ्याने घेतली म्हणजे त्याचे प्रत्येक काम दुसरे करतेच असे नाही. ‘मासे खाणाऱ्या कोकणाला ‘ड’ची चिंता नको’ हे विधानही म्हणून जपूनच करावे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतून आईला थोडे मिळते. दुधापर्यंत पोहोचते ते त्याहून थोडे.

२१/
अतिरेकाचाही इतिहास आहे. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात मुलांना कॉड तेल वाटले, बाळांच्या दुधाच्या भुकटीतही ‘ड’ घातले. मुडदूस ओसरला. पण १९५०च्या दशकात काही बाळांच्या रक्तात चुन्याचे प्रमाण घातक पातळीवर गेल्याचे दिसले आणि १९५७ साली भुकटीतील मात्रा कमी करावी लागली. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. ‘थोडे जास्त दिले तर काय बिघडते’ हा विचार येथे चालत नाही.

२२/
पुढे १९६०च्या दशकात ग्लासगोत भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांत मुडदूस पुन्हा दिसू लागला. भारतातही तो गेला नव्हता. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीच्या धुरकट मोरी गेट भागातील बालकांची तुलना त्या मानाने स्वच्छ हवेच्या गुडगावातील बालकांशी केली गेली. मोरी गेटच्या मुलांच्या रक्तातील ‘ड’ची पातळी निम्म्याहून कमी होती. सतराव्या शतकातील लंडनचा धूर एकविसाव्या शतकात यमुनाकाठी आला होता.

२३/
म्हणून धोरण बदलले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ साली रोज २०० आणि २००८ साली ४०० आययूची शिफारस केली. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१७ साली मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्या कामात पुण्याच्या डॉ. अनुराधा खाडिलकर अग्रणी होत्या. तान्ह्या बाळासाठी तीच मात्रा : रोज ४०० आययू. नाशिकनंतर सुमारे शंभर वर्षांनी महाराष्ट्र पुन्हा या चर्चेच्या मध्यभागी आला.

२४/
थेंबांकडून अवास्तव अपेक्षाही नकोत. दिल्लीत जन्मतः कमी वजनाच्या २,०७९ बाळांवर झालेल्या चाचणीत दर आठवड्याला ‘ड’ देऊन पाहिले. निष्कर्ष २०११ साली आले. रक्तातील पातळी सुधारली, वाढीतही काही लाभ दिसला; पण मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही. ‘ड’ हाडांचे रक्षण करते. ते सर्व रोगांवरचे रामबाण नव्हे.

२५/
दुसरा मार्ग आईचा. २०१५ साली हॉलिस आणि वॅग्नर यांनी दाखवले की स्तनदा मातेला रोज ६,४०० आययू दिल्यास दुधातूनच बाळाची गरज भागू शकते. दूध मुळात कमकस नाही, आईचा साठा रिता असतो, हेच यातून पुन्हा सिद्ध होते. मात्र ही मात्रा नेहमीच्या शिफारशीच्या कितीतरी पट आहे. डॉक्टरांच्या देखरेखीविना कोणी हा प्रयोग करू नये.

२६/
एक धोका वेगळाच. ‘दुधात ‘ड’ नाही’ हे अर्धवाक्य डबाबंद भुकटी विकणाऱ्याच्या तोंडी घातले, तर अनर्थ होतो. अशा जाहिरातींना आळा घालण्यासाठी भारताने १९९२ साली कायदा केला, तो उगाच नव्हे. थेंब हे दुधाला पर्याय नव्हेत. थेंब हे उन्हाला पर्याय आहेत. बाळाला पहिले सहा महिने अन्न म्हणून आईचे दूधच, आणि सोबत थेंब : या दोन गोष्टींत विरोध नाही.

२७/
व्यवहारात एवढे पाहावे. बाजारातील निरनिराळ्या बाटल्यांत एका मिलिलिटरमधील मात्रा वेगवेगळी असते; काहींत तर एका थेंबातच पूर्ण मात्रा असते. म्हणून बाटली बदलली की मापही बदलते. शेजारणीच्या सांगण्यावर न जाता लेबल डॉक्टरांना, परिचारिकेला किंवा आशाताईंना दाखवावे. आणि आईच्या स्वतःच्या हाडांची, तिच्या उन्हाची, तिच्या आहाराची चौकशी कोणीतरी आवर्जून करावी.

२८/
आजीच्या प्रश्नाला मग उत्तर काय? तिच्या वेळी थेंब नव्हते हे खरे. काही घरांत खळ्यातील ऊन ते काम करी. काही घरांत ते होत नसे. त्या घरांतील वाकडे पाय आणि अडलेली बाळंतपणे कुणाच्या स्मरणात ‘ड’ म्हणून नोंदली गेली नाहीत, नशीब म्हणून नोंदली गेली. नाशिकच्या दोन अभ्यासांनी त्या नशिबाला कारण दिले. रोजचे थेंब हा त्याच कारणाचा उपाय आहे.